अनेसिफरचा डबा

मला हसायला कारण लागत नाही आणि चिडायला तर मुळीच लागत नाही. नवरा म्हणतो, या बाईचं बटण एकच आहे, दाबलं की कधी पंखा सुरू होतो, कधी मिक्सर. त्यामुळे एका जुन्या ख्रिस्ती माणसाकडून, तेही ज्याचं नाव ख्रिस्ती लोकांनासुद्धा पटकन आठवत नाही अशा माणसाकडून, मी सेवा शिकले असं सांगितलं तर माझ्या माहेरचे आधी माझ्या कपाळाला हात लावून बघतील, ताप आहे का म्हणून. पण शिकले. आणि शिकताना जितकी हसले तितकी उभ्या जन्मात हसले नव्हते.

शिकवणाऱ्या होत्या सिस्टरबाई. छत्तीसगढातल्या भिलाईत, वैशाली नगरात, आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. प्लांटच्या, म्हणजे पोलाद कारखान्याच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या, रिटायर होऊन जमाना झाला होता. त्या मूळच्या अमरावतीकडच्या, आम्ही भंडाऱ्याकडचे, म्हणजे बोली जवळपास एकच. फरक इतकाच की रविवारी सकाळी त्या चर्चला जायच्या आणि मी तेवढ्यात त्यांच्या कुंड्यांना पाणी घालून घ्यायचे. नवरा वारलेला, एकुलता मुलगा पुण्यात. संध्याकाळचा चहा आम्ही दोघी त्यांच्या ओट्यावर बसून प्यायचो आणि चहाबरोबर त्या मला त्यांच्या धर्मातल्या गोष्टी सांगायच्या. पण मोठमोठ्या लोकांच्या नाहीत.

"मोठ्याईच्या गोष्टी सारेच सांगतेत," त्या म्हणायच्या. "मले शेपटाकडचे लोकं आवडतेत. बायबलातली चिठ्ठी संपता संपता ज्याईची नुसती आठवण काढतेत ना, थे."

त्या शेपटाकडच्या लोकांत त्यांचा लाडका म्हणजे अनेसिफर. गोष्ट एवढीशी. एक मोठा प्रेषित परक्या शहरात कैदेत पडला होता, पायात बेड्या. ओळखीची माणसं हळूहळू पांगली, कारण कैद्याशी ओळख सांगायला कोणाला आवडतं? हा अनेसिफर मात्र लांबून त्या शहरात आला आणि त्याला शोधत फिरला. सापडेपर्यंत फिरला. सापडल्यावर पुन्हा पुन्हा जाऊन त्याच्याजवळ बसला, त्याच्या जिवाला जरा गारवा दिला. बेड्यांची त्याला लाज वाटली नाही. संपली गोष्ट.

"एवढंच?" मी विचारलं. "चमत्कार काईच नाई?"

"शोधलं ना त्यानं. अजून काय पायजे तुले?"

"मंग घरून पत्ता घेऊन निघायचं होतं. एवढं फिरायचं कावून?"

सिस्टरबाई माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. त्या हसण्याची किंमत मला नंतर मोजावी लागली.

त्या वर्षी पावसाळ्यात त्या न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि मुलानं ठरवलं की आई आता एकटी राहणार नाही. डिसेंबरात, नाताळच्या आधी, तो त्यांना पुण्याला नेणार. मी आठवडाभर त्या मुलाशी फोनवर धड बोलले नाही. तो बिचारा मला मावशी मावशी करत होता आणि मी हूं हूं करत होते. त्याचं काही चुकलं नव्हतं, पण माझा चहा कोण पिणार होतं माझ्यासोबत?

निघायला चार-सहा दिवस उरले तेव्हा सिस्टरबाईंनी मला बोलावलं.

"मले जायचं दुःख नाई पोरी," त्या म्हणाल्या. "पण एक काम राहून गेलं. आमच्या वार्डातली आया. जवानीपासून आमी दोघी एकाच वार्डात होतो. दर महिन्याले मी तिच्याकडं जात होती. पडली तशी गेली नाई, अन् तिचा फोनबी लागून नाई राहिला. मी पुण्याले गेली तर तिले विचारणारं कोणीच उरत नाई. जायच्या आधी एक बार भेटव आमाले."

एवढंच ना, असं माझ्या मनात आलं. स्कूटी होती, तब्येत धडधाकट होती, तोंड तर जन्मापासून चालतं.

दरवर्षी नाताळात आयाला सिस्टरबाईंच्या हातचा केक जायचा. या वर्षी हात माझे आणि हुकूम त्यांचे. खुर्चीवर बसून त्या सांगत होत्या, मी घोटत होते, आणि "अजून घोट" याशिवाय त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघत नव्हता. शेवटी माझ्या कुकरमध्ये रेती टाकून केक भाजला. काळसर, मनुकांनी भरलेला, घरभर दालचिनीचा वास. तो कापून स्टीलच्या गोल डब्यात भरला.

"पत्ता लिहून घे," सिस्टरबाई म्हणाल्या.

"लिहायचं काय त्यात? भिलाईत जिंदगी गेली माही. सडक नऊ, क्वार्टर चार-बी. झालं."

सेक्टरही त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण सिविक सेंटरच्या चौकात सिग्नलला थांबले तेव्हा लक्षात आलं की सडक डोक्यात आहे, क्वार्टर डोक्यात आहे आणि सेक्टर साफ निसटलंय.

ज्यांनी भिलाई पाहिली नाही त्यांना याचं गांभीर्य कळणार नाही. इथे एकेका सेक्टरात त्याच त्या नंबरांच्या सडका, त्याच नंबरांचे क्वार्टर, तोच रंग, तेच फाटक, फाटकाआड तोच पेरू. लग्नानंतर आम्ही नव्यानं क्वार्टरात राहायला आलो तेव्हा माझा नवरा सेकंड शिफ्ट करून एकदा भलत्याच सेक्टरात शिरला, बूट काढले, पलंगावर बसला आणि पाणी मागितलं. त्या घरच्या बाईंनी दिलंही. पाणी पिऊन झाल्यावर त्याला कळलं की आपल्या घरी पलंग उजवीकडे आहे.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? फोन करून विचारलं असतं. पण "लिहून घे" म्हणणाऱ्या बाईला मी विचारू? मी? आणि त्यांच्या ओट्यावर त्या वेळी माझा नवरा पेपर वाचत बसलेला असणार, तो मला पुढची दहा वर्षं ऐकवणार. मी ठरवलं, सेक्टरं काही शंभर नाहीत. एकेक करून बघू.

पहिल्या सेक्टरातल्या सडक नऊ, चार-बीमध्ये एक मल्याळी जोडपं निघालं. आया नाही, सिस्टर नाही, त्यांना काहीच माहीत नाही. पण दारात आलेल्या बाईला उभ्यानं पाठवतील तर ते भिलाईचे कसले? बसवलं, चहा दिला. चहा पिताना काकांनी डब्याकडे बघितलं. डब्याकडे कोणी असं बघितलं आणि तुम्ही तो उघडला नाही, तर तुम्हाला आईवडिलांनी काही शिकवलं नाही. उघडला. काकांनी एक तुकडा खाल्ला, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "मनुका ठीक है. भिगोना दो दिन और माँगता था." काकूंनी तोंडावर हात ठेवून माझी माफी मागितली, आणि डब्यात जी जागा झाली होती तिथे केळ्याचे वेफर्स भरले, कारण उघडलेला डबा रिकामी जागा ठेवून कोणी परत देत नाही.

दुसऱ्या सेक्टरात तर मी फाटक उघडायच्या आधीच दार उघडलं. "आइए, आइए, हम लोग राह ही देख रहे थे." मला वाटलं, वा! सिस्टरबाईंनी फोन केला वाटतं. आत गेले तर सोफ्यावर नवी चादर, टीपॉयवर फुलं, कोपऱ्यात दोन काका इस्त्रीच्या शर्टात ताठ बसलेले. मी डबा पुढे केला. घरच्या बाईंनी तो दोन्ही हातांनी घेऊन देवापुढे ठेवला. मला जरा विचित्र वाटलं, पण म्हटलं असेल यांची रीत. मग एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली, साडीत, मान खाली. ट्रे थरथरत होता. मी म्हटलं, "बेटा, आराम से." सगळे एकमेकांकडे बघून खूश झाले. एका काकांनी घसा साफ केला आणि विचारलं, "लड़का साथ में नहीं आया?"

"कौन सा लड़का?" मी म्हटलं. "मैं तो एक आया को ढूँढ रही हूँ, हॉस्पिटल वाली."

सगळ्यांच्या माना एकमेकांकडे वळल्या. पहिली फुटली ती मुलगी. आधी नाकातून एक आवाज निघाला, मग खांदे हलायला लागले, मग ती ट्रे ठेवून पदर तोंडात कोंबून आतल्या खोलीत पळाली आणि आतून तिचं खदखदून हसणं ऐकू आलं. मग मला आवरेना. मग तिच्या आईला. ताठ काकासुद्धा शेवटी वाकले. आम्ही डोळे पुसत असतानाच खरे पाहुणे आले, मुलासकट, घामाघूम. त्यांना उशीर का झाला? ते आधी दुसऱ्या सेक्टरातल्या चार-बीत जाऊन बसले होते.

मला सोडायला ती मुलगी फाटकापर्यंत आली. म्हणाली, "आंटी, आपके सामने इतना हँस ली कि अब डर नहीं लग रहा." केकमधला मोठा भाग तिथे देवापुढेच राहिला आणि डब्यात गुजिया, म्हणजे आपल्या करंज्या, आल्या.

तिसऱ्या सेक्टरात एका छत्तीसगढी घरी अंगणात बायका मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला परात दिली आणि मीही सोलायला लागले, का ते विचारू नका. उठले तेव्हा केकचा उरलासुरला चुरा पोरांनी फस्त केला होता आणि डब्यात बेसनाची ठेठरी आणि गोड खुरमी कोंबलेली होती. झाकण बसेना. एका बाईनं त्यावर बसून बसवलं.

अंधार पडायला घरी आले. ओट्यावर दोघंही होते.

"केक पोचला?" नवऱ्यानं विचारलं.

"पोचला."

"आयाले?"

मी डबा उघडला. सिस्टरबाईंनी आत बघितलं. वेफर्स, गुजिया, ठेठरी. केकचा कणसुद्धा नाही. मी सगळं सांगितलं, पाणी पिऊन सांगितलं, आणि त्या इतक्या हसल्या की खुब्यावर हात दाबून "बस, बस, टाके तुटतीन" म्हणायला लागल्या. टाके केव्हाच निघाले होते. नवरा हसला नाही. त्यानं फक्त पेपरची घडी केली आणि विचारलं, "लिहून नव्हतं घेतलं का?" मिक्सर सुरू झाला हे सांगायला नकोच.

"जाऊ दे," सिस्टरबाई म्हणाल्या. "अनेसिफरालेबी पत्ता नसनच ना माहीत."

दुसऱ्या दिवशी सेक्टर तळहातावर पेननं लिहून गेले. क्वार्टर सापडला. पण आत नवे लोक होते, नुकतेच आलेले, त्यांना आधीच्यांचं काही ठाऊक नव्हतं. मी परत फिरणार तेवढ्यात शेजारच्या क्वार्टरातल्या बाईंनी मला कुंपणाशी बोलावलं. त्याही मराठी. इकडे तिकडे बघून आवाज उतरवला.

"आयाबाईले शोधून राहिल्या का तुमी? थे गेली उतई गावाले, भावाकडं. तळ्याजवळ घर हाय म्हणे. तिचा पोरगा जेलमधी हाय ना. दारूच्या दुकानापाशी मारामारी झाली, समोरच्याचं डोस्कं फुटलं. दोन वर्षं झाले, केस चालूनच राहिली. मंग कोणाले तोंड दाखवन ते? फोनबी बंद केला. तुमी कोण लागता तिच्या?"

"मी कोणीच नाई," मी म्हटलं आणि स्कूटी काढली.

स्कूटी काढली खरी, पण डोकं तापलं होतं. घरी येऊन सिस्टरबाईंसमोर उभी राहिले.

"तुमाले माहीत होतं. पोराचं."

"हाव."

"मले सांगतलं कावून नाई?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "सांगतलं असतं तर गेली असतीस?"

मी स्कूटीची चावी टेबलावर आपटली. आमच्या घराण्यात पोलिस स्टेशनची पायरी कोणी चढलेलं नाही, आमच्या भिशीत कोणाचा मुलगा नापास झाला तरी चार महिने कुजबुज चालते. जेलमधल्या पोराच्या आईकडे मी स्कूटी घेऊन गेले असते का? खरं उत्तर मला माहीत होतं आणि ते मला मुळीच आवडलं नाही. सिस्टरबाईंची पुण्याची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या दुर्गहून होती. मी म्हटलं, "उद्या सकाळी जातो उतईले. आणतो तिले." आणि रागारागानं घरी जाऊन भांडी घासली, घासलेलीच.

उतईला तळ्याजवळचं घर सापडायला वेळ लागला नाही, तिथे कुठे सडक नऊ? दार अर्धं उघडलं. आतून एक बुटकी, रुंद बाई डोक्यावर पदर ओढून उभी राहिली. पदर एवढा पुढे की फक्त हनुवटी दिसत होती.

"कोन हे?"

"सिस्टरनी पाठवलं," मी म्हटलं.

हनुवटी हलली. मग दार लागायला लागलं. मी पाय मध्ये घातला. तो माझा रागाचा पाय होता, विचार करून घातलेला नाही.

"मोला काबर खोजत हव?" ती म्हणाली. मला कशाला शोधता? "मोर लइका जेल म हे. जानत हव?"

"जानती हूँ," मी म्हटलं. "पूरे चार सेक्टर घूमी हूँ. अब चाय पिए बिना नहीं जाऊँगी."

मी तिच्या हातात डबा दिला. तिनं तो ओळखला, झाकणावर सिस्टरबाईंच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं. उघडून ती आत शोधायला लागली. वेफर्स बाजूला केले, गुजिया उचलल्या, ठेठरीखाली बघितलं.

"केक कहाँ हे?"

झालं. मग मला सांगावं लागलं. काका आणि त्यांच्या दोन दिवस भिजवलेल्या मनुका, देवापुढचा डबा, "लड़का साथ में नहीं आया?", झाकणावर बसलेली बाई. मी हातवारे करून सांगत होते आणि पदर हळूहळू मागे सरकत होता. ट्रे घेऊन पळालेल्या मुलीपाशी आले तेव्हा तिचा चेहरा पूर्ण दिसत होता, गोल, सुरकुतलेला, दातात फट असलेला. ती उंबऱ्यावर बसून मांडीवर थापा मारत हसत होती. हसता हसता रडायला लागली, आणि दोन्ही एकाच वेळी चालू राहिलं. मीही तिच्या शेजारी बसून तेच केलं. चहा तिच्या वहिनीनं दिला. सिस्टर आजच कायमच्या पुण्याला चालल्या हे सांगितल्यावर आयानं चपला घातल्या.

नंतर घड्याळ बघितलं तर गाडीची वेळ जवळ आली होती. घरी जाण्यात अर्थ नव्हता, थेट दुर्ग स्टेशन. मी स्कूटी अशी हाकली की आया माझ्या पाठीला घट्ट चिकटून मधूनमधून देवाचं नाव घेत होती आणि डबा आमच्या दोघींच्या मध्ये खडखडत होता. स्टेशनच्या पायऱ्या चढताना माझी चप्पल तुटली. मी ती हातात घेऊन धावले. प्लॅटफॉर्मवर पोचलो तर काय? गाडी साडेतीन तास लेट. एवढा जीव काढल्याबद्दल मी रेल्वेला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सिस्टरबाई व्हीलचेअरवर होत्या. आया त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली आणि आधी त्यांचा पाय हातात घेऊन खुब्यापर्यंत दाबून बघितला, जुनी सवय. कोणी रडलं नाही. गाडी येईपर्यंत दोघी हिंदी, मराठी, छत्तीसगढी सगळं मिसळून वार्डातल्या लोकांना नावं ठेवत होत्या आणि डब्यातलं खात होत्या. सिस्टरबाईंचा मुलगा आणि मी बाजूच्या बाकावर. मी त्याच्याशी नीट बोलले, त्यालाही ठेठरी दिली.

गाडी लागायची घोषणा झाली तेव्हा सिस्टरबाईंनी विचारलं, "जेलमधी मुलाकात कधी असते?"

"गुरुवार के," आया म्हणाली. "अकेल्ली जाथंव."

सिस्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"माह्याकडं पाऊ नका," मी म्हटलं.

त्या बघतच राहिल्या. गाडीत चढवेपर्यंत, खिडकीत बसेपर्यंत, गाडी हलेपर्यंत. असा छळ मी कुठे पाहिला नाही.

गुरुवारी मी गेले.

पहिल्या गुरुवारी मी ओढणीनं तोंड गुंडाळून गेले, उन्हाचं कारण सांगून, डिसेंबरात. जेलच्या फाटकाबाहेर पत्र्याची शेड आहे, तिथे नंबर येईपर्यंत बसायचं. आया आत जायची, मी डबा घेऊन बाहेर बसायचे, कारण बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. मग तो डबा शेडमध्येच फिरायचा. कुठून कुठून आलेल्या कैद्यांच्या माउल्या, बायका, म्हातारे बाप. एक घास घ्यायचे आणि काहीतरी टाकायचे, मुरमुरे, चणे, अर्धा पेरू. डबा कधी रिकामा परत आला नाही. आम्ही तिथेही हसायचो. मला वाटलं नव्हतं तिथे कोणी हसत असेल, पण तिथे लोक फार हसतात. फक्त आया फाटकाजवळ आली की पदर पुढे ओढायची, हनुवटीपर्यंत, आणि घरी जाईपर्यंत तसाच ठेवायची. पुण्याहून दर गुरुवारी संध्याकाळी फोन यायचा. "भेट झाली?" एवढंच. मी म्हणायचे, "झाली." मग आम्ही नेहमीसारखं तासभर बोलायचो.

माझ्या मनात एक थाप तयार होती. कोणी ओळखीचं भेटलंच तर सांगायचं, भाचीच्या कामानं इकडे आले होते, चक्कर आली म्हणून सावलीत बसले. छान रचलेली थाप होती, चक्कर कशी आली तेही ठरवलेलं होतं.

होळीच्या आधीच्या एका गुरुवारी फाटकासमोर ऑटो थांबली आणि त्यातून आमच्या भिशीतल्या त्या बाई उतरल्या. "त्या" म्हणजे ज्यांना सकाळी सांगितलं की दुपारपर्यंत वैशाली नगरात पेपर छापायची गरज राहत नाही. त्यांना जवळच्या ऑफिसात काही काम होतं. मला बघून थबकल्या. माझ्याकडे, फाटकाकडे, माझ्या शेजारच्या पदराकडे.

"अगं बाई! तुमी इथं? कोणाकडं आल्या?"

थाप जिभेवर होती. भाची, चक्कर, सावली. शेजारी आयानं पदर आणखी खाली ओढला आणि माझ्यापासून हातभर सरकून बसली, म्हणजे माझी तिची ओळख नाही असं दिसावं म्हणून. माझ्यासाठी सरकली ती. ते बघून मला इतका राग आला, कोणाचा ते अजून माहीत नाही, की थाप कुठे गेली मला कळलंच नाही.

"आमचा पोरगा हाय आत," मी म्हटलं. शेडमधल्या सगळ्यांना ऐकू गेलं. "ही त्याची माय. मी मावशी. दर गुरुवारी येतो आमी. बसा ना."

आयाचं डोकं वर झालं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग दोन्ही हातांनी पदर मागे केला, पार खांद्यावर, आणि माझ्या मांडीवरचा डबा उचलून त्या बाईंपुढे धरला.

"लेव बहिनी," ती म्हणाली, दातातली फट दाखवत. "खा लव."

बाईंनी डब्याकडे बघितलं. आत चकली होती, मुरमुरे होते आणि तळाशी सिस्टरबाईंच्या पद्धतीचा केक, यावेळी मनुका चांगल्या भिजवलेल्या. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. मग केकचा तुकडा उचलला, खाल्ला, आणि पर्स उघडून चाचपडत आतून दोन लिमलेटच्या गोळ्या काढून डब्यात टाकल्या.